लँडलाइनला वीज कोण पुरवतं? मल्टिमीटर हातात घेऊन लाइन इंटरफेस सर्किट समजून घेऊ

गिरगावातल्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचा फोन दर पावसाळ्यात तीच खोड काढायचा. घंटी एकदा वाजायची, तीही अर्धवट, आणि बंद. "उचलायच्या आत तुटतो रे," आजी सांगायच्या. समोरच्याला मात्र वाटायचं की फोन कुणीतरी उचलला आणि बोललंच नाही. पहिल्या वर्षी मी फोन बदलून दिला. चार दिवस ऊन पडलं, फोन चालला, पुन्हा सर आली आणि तक्रारही आली. बिघाड फोनमध्ये नव्हताच. दोन तारांमधून पाझरणारा थोडासा करंट एक्स्चेंजमधल्या लाइन कार्डाला (ग्राहकांच्या लाइनी सांभाळणाऱ्या सर्किट बोर्डाला) "फोन उचलला" असं सांगत होता.

फोनच्या त्या बारीक जोडीवरून तीन वेगळी कामं एकाच वेळी चालतात. फोनला वीज जाते, फोन उचलला की ठेवला हे एक्स्चेंजला कळतं, आणि आवाज दोन्ही दिशांनी धावतो. ही तिन्ही कामं एकत्र करणारं आणि पुन्हा वेगळी काढणारं सर्किट म्हणजे सबस्क्रायबर लाइन इंटरफेस सर्किट. बोलताना सगळे त्याला 'स्लिक' म्हणतात. ऑफिसातल्या ईपीएबीएक्सच्या (छोट्या खासगी एक्स्चेंजच्या) एक्स्टेन्शन कार्डावर ते असतं, आणि आता घरातल्या फायबरच्या डब्यामागे 'फोन' लिहिलेलं जे छिद्र असतं त्याच्या आतही तेच असतं. बिघाड शोधताना या तिघांपैकी नेमकं कोणतं काम अडलंय हे आधी ठरवलं, तर निम्मा त्रास वाचतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

लागणारं सामान: साधा डिजिटल मल्टिमीटर, १ मायक्रोफॅरड ४०० व्होल्टचा एक कपॅसिटर, मगरचिमटे लावलेल्या दोन-तीन वायरी, एक छोटा स्क्रूड्रायव्हर आणि चालू स्थितीतला एक साधा, वायरवाला फोन. कॉर्डलेस नको. तो स्वतःच्या अडॅप्टरवर चालतो, त्यामुळे लाइनकडून वीज मिळते की नाही हे तो आपल्याला सांगत नाही.

आधी सुरक्षितता

घंटी वाजताना लाइनवर साधारण ७५ व्होल्ट एसी असतो, २५ हर्ट्‌झचा. ७५ हा आरएमएस, म्हणजे एसीचा परिणामी आकडा झाला. शिखर जातं १०६ व्होल्टपर्यंत, आणि त्यात लाइनवर कायम असणारे ४८ व्होल्ट डीसी मिळवले तर सुमारे १५४ होतात. तारा हातात धरलेल्या असताना कुणाचा फोन आला तर झटका चांगलाच बसतो, आणि शिडीवर असलात तर माणूस झटक्यापेक्षा पडण्यानं जास्त जखमी होतो. म्हणून उघड्या तारेला हात लावण्याआधी दुसरा साधा फोन त्याच लाइनवर उचलून ठेवा. लाइन व्यस्त असली की घंटी येत नाही. ओल्या हातांनी काम नको, आणि विजा चमकत असताना तर रोझेट (फोनच्या तारा जोडलेली भिंतीवरची डबी) उघडायचंच नाही. दुसरी गोष्ट, एक्स्चेंजकडून आलेल्या जोडीला आपला कोणताही पॉवर सप्लाय, अडॅप्टर किंवा दुसऱ्या डब्याचं फोनचं छिद्र कधीही जोडू नका. त्या जोडीवर आधीच एक्स्चेंजचं व्होल्टेज असतं.

पायरी १: फोन ठेवलेला असताना व्होल्टेज मोजा

भिंतीवरचं रोझेट उघडा. मल्टिमीटर २०० व्होल्ट डीसीवर ठेवा आणि दोन स्क्रूंना टोकं लावा. सगळे फोन ठेवलेले असतील तर ४८ च्या आसपासचा आकडा दिसायला हवा. ५० किंवा ५२ दिसला तरी गडबड नाही. एक्स्चेंजच्या बॅटरीत २ व्होल्टचे २४ सेल एकापुढे एक जोडलेले असतात. ते सतत चार्जवर असल्यामुळे प्रत्येक सेल २ पेक्षा थोडा वर राहतो.

आता मीटरवर उणे चिन्ह येतं का पाहा. दोन तारांना आपल्याकडे ए लिंब आणि बी लिंब म्हणतात. ए लिंब जमिनीच्या पातळीजवळ असतो, बी लिंब जमिनीपेक्षा ४८ व्होल्ट खाली. म्हणजे एक्स्चेंजच्या बॅटरीचं धन टोक अर्थ केलेलं असतं. हे उलटं वाटतं, पण मुंबईसारख्या शहरात त्याचं महत्त्व लगेच पटावं. जमिनीखालच्या केबलमध्ये पाणी शिरलं की तांबं आणि ओली माती यांच्यात करंट वाहू लागतो. तार जमिनीपेक्षा धन असेल तर तांबं विरघळून मातीत जातं, हळूहळू झिजतं आणि तुटतं. तार ऋण ठेवली की करंट मातीकडून तारेकडे येतो आणि तांबं टिकतं. खाडीच्या भरतीचं खारं पाणी, वर्षातले चार महिने भिजलेली जमीन, पुन्हा पुन्हा खणले जाणारे रस्ते, आणि तरी दशकानुदशकं जुन्या जोड्या चालत राहिल्या, त्यात या एका निर्णयाचा मोठा वाटा आहे.

४८ च का, असा प्रश्न मला प्रत्येक शिकाऊ मुलानं विचारला आहे. दोन बाजूंची ओढाताण आहे. व्होल्टेज जास्त असेल तर लाइन लांब नेता येते, पण कोरड्या हातालाही धोका होतो. कमी असेल तर सुरक्षित, पण दोन-तीन किलोमीटरवर फोन मुका पडेल. ४८ हा या दोघांमधला तोडगा आहे आणि जगभर तोच रूढ झाला.

पायरी २: फोन उचला, आणि पुन्हा मोजा

मीटर तसाच ठेवून फोन उचला. आकडा ४८ वरून एकदम ५ ते १० व्होल्टवर येईल. घाबरायचं कारण नाही, असंच व्हायला हवं. ठेवलेला फोन डीसीसाठी तुटलेल्या तारेसारखा असतो. उचलला की आतला हुक-स्विच दोन तारा फोनच्या सर्किटमधून जोडतो, लूप पुरा होतो आणि करंट वाहू लागतो.

हा करंट मोजणं ही या सगळ्या लेखातली सर्वात उपयोगी चाचणी आहे. मीटर मिलिअँपिअरवर घ्या, लाल टोक योग्य भोकात घाला, रोझेटमधून एक तार सोडवा आणि मीटर त्या तारेच्या मधे, एका ओळीत जोडा. फोन उचला. साधारण २० ते ४५ मिलिअँपिअरच्या दरम्यान आकडा आला तर लाइनचा वीजपुरवठा ठीक आहे.

थोडा हिशेब करून पाहू. जुन्या पद्धतीच्या लाइन सर्किटमध्ये प्रत्येक लिंबला २०० ओहम, म्हणजे दोन्ही मिळून ४०० ओहम फीड (लाइनला वीज पुरवणाऱ्या वाटेतला रेझिस्टन्स) असतो. फोनचे साधारण २०० धरा. ०.५ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेत जाऊन-येऊन दर किलोमीटरला सुमारे १७५ ओहम लागतात. एक्स्चेंज ३ किलोमीटरवर असेल तर ५२५. एकूण झाले ११२५ ओहम, आणि ४८ भागिले ११२५ म्हणजे जवळपास ४३ मिलिअँपिअर. तार ०.४ मिलिमीटरची असेल तर किलोमीटरला २७५ ओहम पडतात आणि तेवढ्याच अंतरावर करंट ३४ वर येतो. २० मिलिअँपिअरच्या खाली गेलं की आवाज बारीक होऊ लागतो.

आजकालच्या कार्डांत ४०० ओहमचे रेझिस्टर नसतात. चिपच ठरवते की लाइन कितीही जवळ असली तरी, समजा, २५ मिलिअँपिअरच द्यायचे. यामागे उष्णतेचा विचार आहे. ४८ व्होल्टवर ४० मिलिअँपिअर म्हणजे जवळजवळ २ वॅट, आणि त्यातला फोनला मिळतो जेमतेम सहावा हिस्सा. बाकीची नुसती गरमी. एका खोलीत हजारो लाइनी असतील तर ही गरमी एसीच्या बिलात दिसते. म्हणून कित्येक चिपा जवळच्या लाइनला ४८ ऐवजी २४ व्होल्टच्या आसपासच्या दुसऱ्या सप्लायवर आपणहून नेतात. असा फोन मोजताना आकडा वेगळा आला तर लाइन खराब समजू नका. करंट पाहा.

उचलल्याचं कळणं

फीड देता देताच सर्किट करंटवर नजर ठेवतं. साधारण १० मिलिअँपिअरची एक रेषा ठरलेली असते. वर गेलं तर फोन उचलला, खाली आलं तर ठेवला. याला सुपरव्हिजन म्हणतात. एक्स्चेंजला तुमच्या घरातलं दुसरं काहीही दिसत नाही.

तबकडीचा जुना फोनही याच नजरेवर चालायचा. तबकडी परत फिरताना लूप सेकंदाला १० वेळा तुटायचा आणि जोडायचा. ५ फिरवला की पाच तुकडे, ० फिरवला की दहा. बटणांच्या फोनमध्ये हे काम दोन-दोन सुरांच्या जोड्या करतात, आणि ते सूर आवाजाच्या वाटेनं जातात, करंटच्या नाही. म्हणून काही वेळा डायल टोन येतो, बटणं दाबली तरी टोन तुटत नाही, आणि माणूस लाइनला दोष देतो. फोनच्या पोटाखालचं किंवा बाजूचं छोटं बटण 'पल्स' वरून 'टोन' वर सरकवलं की काम झालं. माझ्या हातून या एका बटणानं बरे झालेले फोन मोजायला बसलो तर संध्याकाळ होईल.

याच सर्किटकडे आणखी एक काम असायचं, दोन तारांची दिशा उलटी करण्याचं. पानपट्टीच्या बाजूला एक रुपयाचा लाल डबा असायचा, आठवतो ना? समोरच्यानं फोन उचलला हे त्या डब्याला कळायला हवं, म्हणजे नाणं पोटात घेता येईल. एक्स्चेंज त्या क्षणी ए आणि बी लिंब आपसांत बदलायचं. डब्याला उलटी दिशा दिसली की नाणं खाली.

पावसाळ्यातली लाइन

आता आजींच्या फोनकडे परत येऊ, कारण पाणी शिरलेली लाइन ओळखताना अनुभवी माणसंही फसतात.

समजा भिजलेल्या जोडामुळे दोन तारांमधलं इन्शुलेशन १० हजार ओहमवर आलं. ४८ व्होल्टला त्यातून पाझरतील जेमतेम ५ मिलिअँपिअर. एक्स्चेंजच्या ४०० ओहम फीडवर आणि तारेवर मिळून दोन-चार व्होल्ट पडतील, आणि तुमच्या मीटरला ४५ दिसतील. तुम्ही म्हणाल, लाइन उत्तम. व्होल्टमीटर या बिघाडाला जवळजवळ आंधळा आहे. पण कार्डाच्या १० मिलिअँपिअरच्या रेषेचं अर्धं अंतर तर आधीच कापलं गेलंय. पाऊस वाढला, इन्शुलेशन ४ हजारांवर आलं, की रेषा ओलांडली जाते. एक्स्चेंज समजतं फोन उचललाय. डायल टोन देतं, कुणी नंबर फिरवत नाही, थोड्या वेळानं ती लाइन बाजूला टाकून देतं. बाहेरून कुणीही फोन केला की 'एंगेज'. जुने लोक याला 'पीजी' म्हणायचे, पर्मनंट ग्लो, कारण पूर्वी अशा लाइनचा दिवा एक्स्चेंजमध्ये पेटलेलाच राहायचा.

त्याच्या आधीची पायरी म्हणजे आजींचा आजार. घंटी वाजवताना एक्स्चेंज ७५ व्होल्ट एसी ४८ व्होल्ट डीसीवर स्वार करून पाठवतं. फोनमधली घंटी एका कपॅसिटरमागे बसलेली असते, त्यामुळे एसी घंटीत जातो, डीसी अडतो. कुणी फोन उचलला की डीसी वाहू लागतो, आणि लाइन कार्ड त्या डीसीच्या चाहुलीवर घंटी तत्काळ तोडतं. ती तोडली नाही तर कानाशी ७५ व्होल्ट येतील, म्हणून ही नजर फार तिखट ठेवलेली असते. भिजलेल्या लाइनवर पाझरणारा डीसी त्या नजरेला खोटी चाहूल देतो. घंटी एकदा वाजते आणि कापली जाते.

मग शोधायचं कसं? घरातली सगळी वायरिंग रोझेटपासून सोडवा. बाहेरून आलेल्या जोडीवर थेट एकच फोन लावा आणि मोबाइलवरून त्यावर कॉल करा. घंटी पूर्ण वाजली तर पाणी तुमच्या घरातच आहे. तरीही तुटली तर दोष बाहेर, घरापर्यंत येणाऱ्या ड्रॉप वायरमध्ये, इमारतीजवळच्या डीपीत (तारा वाटून देणाऱ्या डब्यात) किंवा रस्त्यावरच्या पिलरमध्ये. आजींच्या घरी दोष गॅलरीच्या भिंतीवरच्या जोडात निघाला. पागोळीचं पाणी त्यावर थेट पडत होतं. जोड कापला, हिरवं पडलेलं तांबं दोन इंच मागे काढलं, जेल भरलेल्या कनेक्टरनं पुन्हा बांधला आणि तोंड खाली वळवून ठेवला. तोंड खाली वळवणं विसरू नका. पाणी वायरीवरून घरंगळत येतं आणि जोडाचं तोंड वर असेल तर सरळ आत उतरतं.

याच्या नेमका उलटा बिघाडही असतो. जोड गंजतो, पण तारा एकमेकींना लागत नाहीत. त्यांच्या वाटेत रेझिस्टन्स वाढतो. ठेवलेल्या फोनवर मीटर ४८ दाखवतं, कारण मीटरला करंट लागतच नाही. फोन उचलला की मात्र करंट ८-९ मिलिअँपिअर, रेषेच्या खाली. डायल टोन नाही. "व्होल्टेज पूर्ण येतंय पण फोन मेला आहे" ही तक्रार ऐकली की मी आधी पायरी २ चा करंट मोजतो.

मीटरला शून्यच दिसत असेल तर दोन शक्यता उरतात. तार तुटली आहे, किंवा दोन्ही तारा कुठेतरी चिकटल्या आहेत. घराची बाजू सोडवून पुन्हा मोजा. ४८ परत आले तर चिकटलेल्या तारा घरात आहेत, बहुधा कपाटामागे चेपलेल्या वायरीत. नाही आले तर लाइनमनला बोलवावं लागेल.

गुणगुण

फोनमध्ये सतत घूं असा आवाज असेल तर बहुतेक वेळा दोन लिंबांचा समतोल बिघडलेला असतो. मुंबईत फोनच्या केबली विजेच्या केबलींना आणि रेल्वेच्या रुळांना खेटून मैलोन्‌मैल जातात. उपनगरी गाड्या पूर्वी १५०० व्होल्ट डीसीवर धावायच्या, २०१६ पर्यंत सगळ्या मार्गांवर २५ हजार व्होल्ट एसी आला. शेजारच्या केबलीत ५० हर्ट्‌झचा एसी उमटतोच. पण जोडीतल्या दोन तारा एकमेकींना पीळ घालून असतात, त्यामुळे दोघींवर तो सारखाच उमटतो. लाइन सर्किट दोघींमधला फरक तेवढा ऐकतं. सारखं असेल ते वजा होऊन जातं.

एका लिंबला अर्थ लागला की हा तोल गेला. एका तारेवर कमी, दुसरीवर जास्त, आणि उरलेला फरक कानात गुणगुणतो. म्हणून घूं आवाज आला की भिंतीच्या ओलीला चिकटलेली किंवा लोखंडी ग्रिलवरून सोललेली तार शोधा. जुन्या इमारतींत जिन्याच्या खिडकीची ग्रिल आधी पाहा.

पायरी ३: घंटी मोजा

मीटर २०० किंवा ७५० व्होल्ट एसीवर, आणि एका टोकाच्या वाटेत तो १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. स्वस्तातले काही मीटर एसीच्या रेंजवर डीसी आला की गोंधळतात आणि ४८ ला शंभरच्या वर दाखवतात. कपॅसिटर डीसी अडवतो. मोबाइलवरून कॉल करा. आपल्याकडे घंटीचा ताल ठरलेला आहे, ०.४ सेकंद वाजते, ०.२ थांबते, पुन्हा ०.४ वाजते, मग २ सेकंद शांत. डिजिटल मीटर तेवढ्यात स्थिरावत नाही, त्यामुळे सर्वात मोठा दिसलेला आकडा धरा. जवळच्या लाइनवर ६० ते ८० मध्ये काहीही चालेल. एका लाइनवर चार-पाच फोन लावलेत आणि घंटी मरगळली असेल तर प्रत्येक फोनची घंटी थोडी थोडी ताकद खातेय. दोन फोन काढून पाहा.

पायरी ४: टेबलावर स्वतःचं लाइन सर्किट

वाचून जे डोक्यात बसत नाही ते हातानं बसतं. हा प्रयोग एक्स्चेंजच्या लाइनपासून पूर्ण वेगळा ठेवा.

९ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकापुढे एक जोडा, २७ व्होल्ट झाले. त्यांच्या धन टोकाला ५६० ओहम, १ वॅटचा रेझिस्टर, पुढे एक लाल एलईडी सुलट दिशेनं. आता एलईडीचं मोकळं टोक आणि बॅटरीचं ऋण टोक ही तुमची 'लाइन'. या दोन टोकांवर १०० मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा कपॅसिटर लावा, त्याचं धन पाय एलईडीकडे. मग दोन साधे फोन एकापुढे एक, एकाच लूपमध्ये जोडा.

एक फोन उचला. काहीच होत नाही, लूप अजून तुटलेला आहे. दुसराही उचला. एलईडी पेटेल, कानात टक्‌ होईल, आणि दोन खोल्यांतून बोलता येईल. बॅटरी आणि रेझिस्टर मिळून झालं फीड, एलईडी झाला सुपरव्हिजन. कपॅसिटरनं आवाजाला बॅटरीच्या बाजूनं सोपी वाट दिली. तो काढून पाहा, आवाज बारीक होईल. एक्स्चेंजमध्ये एलईडीच्या जागी पूर्वी रिले असायचा, नंतर ऑप्टोकप्लर आला, आता चिपच्या आतला करंट मोजणारा भाग ते करतो.

घंटी मात्र वाजणार नाही. मेन्सच्या ट्रान्सफॉर्मरवरून ती वाजवायचा मोह टाळा. मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला तयार स्लिक मॉड्यूल विचारा, दुकानात नसेल तर मागवून देतात. ५ व्होल्टवर चालणारी ही बोटभर लांबीची पट्टी लाइनचा डीसी आणि घंटीचा एसी दोन्ही स्वतःच तयार करते. त्यावर बहुधा तीन पिना महत्त्वाच्या असतात. एक पीन घंटीच्या अवस्थेत नेते, दुसरी तारांची दिशा बदलते, तिसरी फोन उचलल्याचं सांगते. घंटीच्या अवस्थेत जाऊन दिशेची पीन दर २० मिलिसेकंदांनी उलटी केली की २५ हर्ट्‌झची घंटी झाली. छोट्या मायक्रोकंट्रोलरनं वरचा ०.४-०.२-०.४-२ चा ताल धरा, आणि उचलल्याची पीन बदलली की त्याच क्षणी घंटी थांबवा. तबकडीचा फोन लावणार असाल तर ही पीन क्षणभर खाली गेली म्हणून फोन ठेवला असं मानू नका. १०० मिलिसेकंदांच्या आतली तुटकी वेळ म्हणजे तबकडीचा ठोका. ठोके मोजले की आकडा मिळतो.

मॉड्यूल लावण्याआधी त्याचा डेटाशीट उघडून पिनांचे क्रमांक ताडून पाहा. एकसारख्या दिसणाऱ्या पट्ट्यांत पिना वेगळ्या असतात आणि ५ व्होल्ट चुकीच्या पायावर गेले की पट्टी गेली.

उरलेली कामं

या सर्किटच्या कामांसाठी जुन्या तंत्रज्ञांनी सात इंग्रजी आद्याक्षरांचा 'बोर्श्ट' असा शब्द केला, बीटच्या सूपचं नाव. बॅटरी फीड, ओव्हरव्होल्टेज, रिंगिंग, सुपरव्हिजन, कोडेक, हायब्रिड, टेस्ट. यातली तीन वर आली. बाकीची थोडक्यात.

ओव्हरव्होल्टेज म्हणजे विजेपासून आणि लाइनवर चुकून आलेल्या २३० व्होल्टपासून बचाव. एक्स्चेंजमध्ये केबल शिरते तिथे एमडीएफवर (सगळ्या जोड्या जिथे जोडल्या जातात त्या मुख्य चौकटीवर) प्रत्येक जोडीला गॅस डिस्चार्ज ट्यूब असते, ठरावीक व्होल्टेजच्या वर ती पेटते आणि झटका जमिनीत सोडते. कार्डावर तापल्यावर रेझिस्टन्स वाढवणारा पीटीसी आणि जलद थायरिस्टर असतो. मोठी वीज कडाडल्यावर मजल्यावरचे सगळे एक्स्टेन्शन एकदम मेले, तर आधी या पीटीसी मोजा. कार्ड बहुतेक वेळा वाचलेलं असतं.

हायब्रिड हा माझा आवडता भाग. घराच्या बाजूला दोन तारांवर जाणारा आणि येणारा आवाज मिसळलेला असतो, आत मात्र दोन वेगळ्या वाटा लागतात. सर्किट आपण काय पाठवलं हे लक्षात ठेवतं आणि लाइनवर जे आहे त्यातून ते वजा करतं. उरतो तो घरातून येणारा आवाज. वजाबाकी नीट होण्यासाठी लाइनची प्रतिकृती, म्हणजे बॅलन्स नेटवर्क, खऱ्या लाइनशी जुळायला हवी. जुळली नाही तर समोरच्याला त्याचाच आवाज उशिरा परत ऐकू येतो. फायबरच्या डब्यावरून बोलताना समोरच्याला प्रतिध्वनी येत असेल तर देशाची सेटिंग भारतावर आहे का ते पाहायला सांगा. प्रत्येक देशाचा लाइनचा ठोकताळा वेगळा असतो.

कोडेक आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतो, प्रत्येकी ८ बिट, म्हणजे ६४ किलोबिट. टेस्टसाठी कार्डावर रिले असतो, तो तुमची जोडी क्षणभर सोडवून तपासणीच्या यंत्राला देतो. वर म्हटलेला पावसाळी पाझर तिथून अचूक मोजता येतो. म्हणून तक्रार करताना "इन्शुलेशन टेस्ट लावा" असं स्पष्ट सांगा.

पायरी ५: फायबरच्या डब्यावर जुना फोन

तांब्याची जोडी गेली आणि फायबर आलं, तेव्हा हे सर्किट एक्स्चेंजमधून उठून तुमच्या घरातल्या डब्यात आलं. डब्याच्या फोनच्या छिद्रावर पायरी १ आणि २ तशाच करून पाहा, उचलल्यावरचा २० च्या आसपासचा करंट दिसेल. या डब्यातली स्लिक काही मीटर वायरीसाठी बनवलेली असते. घंटीची ताकद कमी, त्यामुळे खऱ्या पितळी वाट्यांची घंटी असलेला जुना काळा फोन कण्हतो किंवा गप्प राहतो. तबकडीचे ठोकेही सगळे डबे ओळखत नाहीत.

घरभर फिरलेली जुनी वायरिंग वापरायची असेल तर आधी रोझेटमधून बाहेरची जोडी दोन्ही तारांसकट सोडवा आणि टोकांना टेप गुंडाळा. डब्याचा सप्लाय आणि एक्स्चेंजची बॅटरी एकाच तारेवर भेटली तर डबा जळतो. बाहेरची लाइन कधीच बंद झाली आहे असं गृहीत धरू नका, मीटर लावून शून्य पाहा.

सर्वात महत्त्वाचं म्हणजे बॅटरी. पूर्वी चाळीतली वीज गेली तरी फोन चालायचा, कारण त्याची वीज एक्स्चेंजच्या त्या २४ सेलांमधून येत होती. आता ती जबाबदारी आपल्या घरात आली आहे. डब्याच्या अडॅप्टरवर लिहिलेलं व्होल्टेज आणि अँपिअर वाचा. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, बाजारात राउटरसाठीचे छोटे डीसी यूपीएस मिळतात, त्यातला त्याच व्होल्टेजचा आणि तेवढ्या किंवा जास्त अँपिअरचा घ्या. जॅकचा आकार आणि धन-ऋण जुळवा. मग मेन्सचं बटण बंद करून घड्याळ लावा, फोन उचला, डायल टोन किती वेळ टिकतो ते मोजा आणि ती तारीख व मिनिटं यूपीएसवर चिकटपट्टीनं लिहून ठेवा. दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस लागण्याआधी, हीच चाचणी पुन्हा. गिरगावच्या आजींच्या घरी मागच्या खेपेला १ तास ५० मिनिटं निघाली. त्याआधीच्या वर्षी अडीच तास होती, म्हणून यंदा मी आतली बॅटरी बदलून आलो.